नानांची तेवीस वर्षं आणि पेन्शनला धरलेली सतरा

जून २०२४ अखेर नाना नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. वय ५८. शेवटच्या दिवशी खात्यातल्या पोरांनी शाल-नारळ दिला, मालकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. आठवड्याभराने ते सिडकोतल्या आमच्या घरी आले ते कापडी पिशवीत सगळे कागद भरून. मी पूर्वी कारखान्यांत पगारपत्रकाचं काम करायचे. आता घरूनच ओळखीच्या कामगारांचे फंडाचे कागद बघते. नानांनी मोबाइल पुढे केला. मुलाने त्यांना पासबुक काढून दिलं होतं.

"ताई, ह्याच्यात सर्व्हिस दहा वर्षं आणि वरचे महिने दाखवतंय. माझा फंड तर सत्त्याण्णवपासून कापला जातोय."

त्यांची ओळख पटू नये म्हणून मूळ गाव, कारखाने आणि ठेकेदार यांची नावं इथे देत नाही. पण अंबड-सातपूरच्या लहान कारखान्यांत ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

नानांची नोकरी चार तुकड्यांत झाली. जुलै १९९७ ते मार्च २००४ अंबडमध्ये एका प्रेस शॉपमध्ये. मग साडेतीन वर्षं मिळेल तिथे हजेरीवर, तिथे फंड नाही. ऑक्टोबर २००७ ते जून २०१३ सातपूरला मशिन शॉपमध्ये, पण ठेकेदाराच्या नावावर. आणि ऑगस्ट २०१३ पासून शेवटपर्यंत अंबडमध्ये, कायम कामगार म्हणून. फंड कापला गेलेली वर्षं जोडली तर तेवीस वर्षं चार महिने होतात. मोबाइलवर दिसत होता तो फक्त शेवटचा तुकडा.

पेन्शन कशी ठरते

इथे थोडं थांबून हिशोब सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कामगाराच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर १२ टक्के कापतात, ते सगळे पीएफमध्ये जातात. मालक आणखी १२ टक्के भरतो. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ३.६७ पीएफमध्ये. ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची, म्हणून तिला ईपीएस-९५ म्हणतात. पेन्शनसाठी धरायच्या पगाराला मर्यादा आहे. २००१ पासून ती ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. पेन्शन काढताना शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार घेतात, त्याला सर्व्हिसच्या वर्षांनी गुणतात आणि ७० ने भागतात. पण १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना जास्तीत जास्त ६,५०० चाच पगार लागतो, नंतरच्या वर्षांना नवी मर्यादा.

बहुतेकांना वाटतं, पेन्शन म्हणजे आपल्या जमा पैशांचं व्याज. तसं नाही. पेन्शन फंडात तुमच्या नावाने किती रुपये गेले, याला या हिशोबात जागाच नाही. पगाराची सरासरी आणि सर्व्हिस, हे दोनच आकडे. नानांचा पगार काही मोठा नव्हता, साठ महिन्यांची सरासरी १२,६०० रुपये. तो आकडा आता बदलणं शक्य नव्हतं. हातात उरली होती ती सर्व्हिस, आणि तीच तुटलेली होती.

फक्त शेवटचा तुकडा धरला तर दहा वर्षं दहा महिने. सहा महिन्यांच्या वरचे महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणून अकरा वर्षं. पेन्शन बसत होती साधारण १,८९० रुपये.

२००४ चा फॉर्म

पिशवीत पहिल्या कारखान्याचा काहीच कागद नव्हता. मी विचारलं, "नाना, सत्त्याण्णवचा फंड कुठंय?"

"तो तर तेव्हाच काढला. प्रेस शॉप बंद पडलं, दोन महिने थांबलो आणि उचलला."

"एकच फॉर्म भरला होता की दोन?"

त्यांना आठवेना. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, म्हणाल्या, दोनदा पैसे आले होते, एकदा जास्त आणि एकदा वीस हजारांच्या आसपास. झालं. पीएफचा १९ नंबरचा फॉर्म आणि पेन्शनचा १० सी, दोन्ही एकाच दमात भरलेले. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर १० सी भरून पेन्शन फंडातली रक्कम उचलता येते. त्याच फॉर्मवर दुसराही पर्याय असतो, पैसे न घेता योजना प्रमाणपत्र मागायचा. ते प्रमाणपत्र घेतलं असतं तर पावणेसात वर्षांची सर्व्हिस पुढच्या नोकरीला जोडली गेली असती. पैसे घेतले आणि ती वर्षं पुसली गेली. एकदा घेतलेले पैसे परत भरून सर्व्हिस जिवंत करता येत नाही.

ती पावणेसात वर्षं असती तर काय झालं असतं, हे मी कागदावर काढलं. सगळी मिळून तेवीस वर्षं झाली असती. वीस वर्षं पूर्ण करणाऱ्याला दोन वर्षं जादा धरतात, म्हणजे पंचवीस. पेन्शन महिन्याला किमान ३,२०० च्या घरात गेली असती. सातपूरची वर्षं जोडूनही आता जी मिळणार होती, तिच्यापेक्षा साडेसातशे रुपये जास्त. वर्षाचे नऊ हजार. म्हणजे २००४ मध्ये घेतलेले वीस हजार निवृत्तीनंतर सव्वादोन वर्षांतच वसूल झाले असते, आणि पुढे मरेपर्यंत ते साडेसातशे येत राहिले असते.

हा हिशोब मी नानांना दाखवला, पण त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. मार्च २००४ मध्ये त्यांच्या घरात काय होतं ते काकूंनी सांगितलं. धाकटा दीड वर्षाचा, मोठी चौथीत, सिडकोच्या घराचा हप्ता, आणि शॉप बंद. हातात पैसा लागत होता. शिवाय 'पैसे की प्रमाणपत्र' असं त्यांना कुणी विचारलंच नाही. दोन्ही फॉर्म एकत्र पिन मारून समोर ठेवले, जिथे फुली होती तिथे सही घेतली. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण नोकरीत असताना मीही कामगारांकडून असेच फॉर्म भरून घेतले आहेत. माणूस सोडून चालला, त्याचे पैसे लवकर मिळावेत, एवढंच तेव्हा डोक्यात असायचं. १० सी म्हणजे त्याची म्हातारपणची सात वर्षं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला सांगितलं नाही. नानांसमोर तो कागद धरताना याची मला फार टोचणी लागली.

ट्रंकेतली स्लिप

सातपूरची पावणेसहा वर्षं मात्र काढलेली नव्हती. "ठेकेदार पळून गेला, पैसे बुडाले," असं नाना इतकी वर्षं धरून चालले होते. मी म्हटलं, ठेकेदार गेला तरी फंड त्याच्या खिशात नसतो. त्याने भरला असेल तर तो आहेच. प्रश्न एवढाच, खात्याचा नंबर कुठे?

२०१४ च्या आधी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच फंड नंबर, नव्हता. प्रत्येक नोकरीला नवा पीएफ नंबर. नोकरी बदलली आणि तेरा नंबरचा फॉर्म भरून खातं बदली करून घेतलं नाही, तर जुना नंबर तिथेच पडून राहायचा. नानांना नंबर पाठ नव्हता. पाच दिवसांनी काकूंचा फोन आला. घराच्या कागदांची ट्रंक रिकामी करताना तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली २०११ ची एक पगार स्लिप सापडली होती. शाई फिकी पडलेली, पण नंबर वाचता येत होता.

आता खरा पेच उभा राहिला. शेवटच्या नोकरीवर लगेच १० डी, म्हणजे पेन्शन सुरू करायचा फॉर्म, भरला तर १,८९० रुपयांची पेन्शन लवकर सुरू होणार होती. जुनं खातं आधी जोडायचं म्हटलं तर वेळ जाणार, आणि किती जाणार हे सांगता येत नव्हतं. जुन्या खात्यावर जन्मतारीख १ जानेवारी १९६५ पडलेली, आधारवर १० जून १९६६. वडिलांच्या नावातही फरक. ठेकेदाराची सही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. गल्लीतल्या सगळ्यांनी नानांना सांगितलं, मिळतंय ते घ्या आणि मोकळे व्हा. मुलाचंही तेच मत होतं.

मी त्यांना तीन आकडे लिहून दिले. आत्ता घेतली तर १,८९०. जोडून घेतली तर सतरा वर्षांची २,४५०. फरक महिन्याला ५६०. आणि उशिराने मंजूर झाली तरी पेन्शन ५८ पूर्ण झाल्या दिवसापासूनच धरतात, मधल्या महिन्यांची थकबाकी मिळते. म्हणजे थांबण्यात रक्कम बुडत नव्हती, फक्त तेवढे महिने घर चालवायचं होतं. नाना दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "थांबू. मी वॉचमनचं बघितलंय एका ठिकाणी."

आणखी एका सल्ल्याबद्दल सांगायला हवं, कारण तो फार पसरला आहे. पेन्शन साठाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली तर वर्षाला ४ टक्क्यांनी वाढते, हे खरं आहे. पण नानांच्या बाबतीत दोन वर्षांत वाढणार होते महिन्याला सुमारे दोनशे रुपये, आणि त्यासाठी सोडावे लागणार होते २४ महिन्यांचे जवळपास ५९ हजार. ते भरून निघायला चोवीस वर्षं लागली असती. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेतली तर मागे राहिलेल्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कमी होते, तोही तोटाच. लहान पेन्शनवाल्याला अठ्ठावन्नाला घेणं हेच बरं, असं माझं मत झालं आहे.

सातपूरच्या पीएफ ऑफिसच्या किती खेपा झाल्या, ते मोजलं नाही. आधी जन्मतारीख आणि नावाची दुरुस्ती, मग खातेबदली. जुन्या वर्षांच्या नोंदी नानांच्या स्लिपशी जुळवून बघायला तिथल्या एका कर्मचाऱ्याने खूप मदत केली. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट'चं शिबिर असतं, तिथे कागद समोर ठेवून बोलता येतं. ज्यांचं प्रकरण अडलंय त्यांनी ती तारीख चुकवू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये पेन्शन मंजूर झाली. २,४५० रुपये, थकबाकीसह. जुन्या खात्यात चालू होतं ते व्याज धरून १ लाख ३० हजार निघाले. 'बुडाले' म्हणून सोडून दिलेले पैसे.

ग्रॅच्युइटी आधीच मिळाली होती, तीही सहजासहजी नाही. मालकांचं म्हणणं, ती पगारातच धरलेली आहे. १९७२ च्या तेव्हाच्या कायद्यात असं पगारात विरघळवून टाकता येत नव्हतं. सलग पाच वर्षं झाली की शेवटच्या पगाराचे २६ भागांतले १५ भाग, दर वर्षामागे. १३,९०० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ११, म्हणजे ८८,२११ रुपये. हा हिशोब घालून अर्ज दिला, पोच घेतली, आणि सप्टेंबरमध्ये चेक आला. सातपूरच्या पावणेसहा वर्षांची ग्रॅच्युइटी मात्र गेली ती गेलीच. ठेकेदार नाही, नेमणुकीचं पत्र नाही, गेटपास परत घेतलेला.

आता घर कसं चालतं

अकरा वर्षांच्या नोकरीत पीएफ जितका साठायला हवा होता तितका राहिला नव्हता. २०२० मध्ये कोविडची उचल, २०२२ मध्ये मुलीच्या लग्नाला. उरले १ लाख ८६ हजार. सातपूरचे मिळवून ३ लाख १६ हजार. ग्रॅच्युइटीचे पैसे स्लॅबची गळती काढण्यात आणि पतसंस्थेचं लग्नाचं कर्ज फेडण्यात संपले.

तीन लाख आम्ही पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. साठ पूर्ण नसले तरी ५५ ते ६० मधल्या निवृत्ताला ती घेता येते, फक्त निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. व्याज ८.२ टक्के, तिमाहीला ६,१५० रुपये. महिन्याला २,०५० पडतात. पेन्शन धरून साडेचार हजार. घराचा खर्च, काटकसर करूनही, पंधरा हजारांच्या खाली येत नाही.

राहिलेल्यातलं बरंचसं काकू भरून काढतात. इंदिरानगरला दोन घरी पोळ्या करतात, सहा हजार मिळतात. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, ते त्यांच्या वयाच्या ६५ पर्यंत. काकूंनी आयुष्यभर काम केलं, पण त्यांच्या नावावर निवृत्तीची एक रुपयाची सोय नाही. अटल पेन्शन २०१५ ची, असंघटितांची श्रमयोगी मानधन २०१९ ची, दोन्हींत शिरायचं वय चाळीसपर्यंत. काकू तेव्हाच चाळिशी ओलांडून गेलेल्या. त्यांच्या पिढीच्या बायकांना या योजना आल्या तेव्हाच दार बंद होतं. त्यांची बचत म्हणजे भिशी, आणि ती भिशी प्रत्येक वेळी कुणाच्या तरी दवाखान्यात किंवा फीमध्ये गेली.

नानांच्या मागे काकूंना पेन्शनचा अर्धा भाग मिळेल, १,२२५ रुपये. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळतील का, असं त्यांनी विचारलं. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. नाना आहेत तोवर त्यांची पेन्शनच वर्षाला २९,४०० होते. म्हणजे साडेचोवीसशेचा आधार आहे म्हणून दीड हजाराचा आधार नाकारला जाणार. पुरेसा तर पेन्शनचा आधार तसाही नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते काकूंना तसंच सांगितलं.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. पाच वर्षं विमा हप्ता भरून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे, उपचार चालू ठेवता येतात, नवरा-बायको दोघांना. नानांना हे कुणी सांगितलं नव्हतं. काकूंची बीपीची आणि शुगरची औषधं आता सातपूरच्या हॉस्पिटलातून येतात. दरमहा हजार-बाराशे वाचतात, पोस्टातल्या व्याजाच्या निम्म्याच्या आसपास.

वॉचमनची नोकरी सुटलेली नाही. बारा तासांची पाळी, साडेनऊ हजार. थांबायचे सात महिने निघावेत म्हणून धरलेलं काम आता दुसऱ्या वर्षात आहे. पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज मंजूर झालेले २,४५० आणखी दहा वर्षांनीही २,४५० च असतील. किमान पेन्शन २०१४ मध्ये हजार रुपये ठरली ती अजून तिथेच आहे. पेन्शनर मंडळी साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागत आहेत, आणि त्यांच्या मोर्चात जाऊन बसावं असं मला आता मनापासून वाटतं.

मोठे बंधू आणि धाकटा मुलगा

नानांचे मोठे बंधू सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात परमनंट होते, १९८३ पासून निवृत्तीपर्यंत एकाच गेटवर. त्यांची पेन्शन किती असेल असं वाटतं? दोन हजारांच्या थोडी वर. नाना हे ऐकून चकितच झाले. पगार कितीही मोठा असला तरी त्यांच्या वेळी मर्यादा ६,५०० ची, त्यामुळे पेन्शनने दोघा भावांना जवळपास सारखंच वागवलं. फरक पडला तो एकरकमी पैशात. न मोडलेला फंड आणि तीस वर्षांची ग्रॅच्युइटी यांवर बंधूंनी घर बांधलं, ठेवी ठेवल्या. एकच गेट होतं म्हणून एकही फॉर्म मध्ये भरावा लागला नाही. नानांना प्रत्येक गेटवर हिशोब घ्यावा लागला, आणि दर हिशोबाला म्हातारपणातला एक तुकडा मोडला गेला.

धाकटा आता तेवीस वर्षांचा. आयटीआय करून अठराव्या वर्षीच कामाला लागला, आणि इतक्यात दोन ठेकेदार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये काम सुटलं तेव्हा त्याची सर्व्हिस चार वर्षं दोन महिने होती. तो माझ्याकडे आला, वडिलांसारखाच सगळा फंड उचलायला. पेन्शनचेच जवळपास पन्नास हजार येत होते, आणि मोटारसायकलचे हप्ते थकले होते. मी त्याला वडिलांचा २००४ चा हिशोब दाखवला. तो म्हणाला, "मावशी, तुमचं खरं आहे, पण पस्तीस वर्षांनंतरचे पैसे मी आज कुठून खाऊ?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही पीएफमधून फक्त उचल घेतली, हप्ते फेडले, पेन्शनला हात लावला नाही.

दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की पेन्शनची रक्कम उचलायला दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबावं लागेल, आणि पीएफच्या पूर्ण रकमेसाठी १२ महिने. नाना म्हणाले, हे २००४ मध्ये असतं तर माझी सात वर्षं वाचली असती. काकू म्हणाल्या, आणि तेव्हा घराचा हप्ता कुणी भरला असता? दोघांचंही मला पटतं.

मुलाचं खातं सध्या तसंच आहे. नव्या ठिकाणी लागताना जुनाच यूएएन द्यायचा, एवढं त्याने कबूल केलं आहे. नवी नोकरी अजून लागायची आहे.